कागद कोणाच्या कपाटांत?

मनुष्याची ओळख कशानें पटावी, हा प्रश्न तत्त्वचिंतकांनीं पुरातन काळापासून चर्चिला आहे. कोणी ती आत्म्याच्या ठायीं पाहिली, कोणी स्मृतीच्या, कोणी शीलाच्या. परंतु कचेरीच्या खिडकीपुढें अर्धा प्रहर तिष्ठत उभ्या राहिलेल्या कोणाहि साध्या मनुष्यास हा प्रश्न घातला, तर तो क्षणभरहि न थांबतां सांगेल कीं, ओळख कागदानें पटते. आपण कोणाचे, कोठले, किती शिकलों, किती गुंठ्यांचे धनी, हें सर्व कागद सांगतो तेव्हांच खरें ठरतें. फार काय, निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धास आपण अद्याप जिवंत आहों हेंसुद्धां दरसाल कागदानेंच सिद्ध करावें लागतें. समक्ष उभें राहून श्वासोच्छ्वास करणें एवढा पुरावा पुरेसा होत नाहीं.

या कागदाचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. तो आपल्या ट्रंकेंत, कपड्यांच्या तळाशीं, पडून असतो तोंवर त्याची आठवणहि होत नाहीं. तोच दुसऱ्याच्या कपाटांत जाऊन पडला आणि त्या कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेस लागली, कीं कागदाबरोबर आपणहि त्या कपाटांत कोंडले गेलों असा अनुभव येतो. या अनुभवाविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय परदेशांत राबणाऱ्या मजुरांच्या पारपत्रांचा व रहिवासाच्या परवान्यांचा असला, तरी तो आमच्या उंबरठ्याशीं कसा येऊन पोंचला, हें आधीं सांगितलें पाहिजे.

आमचें राहणें इंदापूर तालुक्यांतील लोणी देवकर या गांवीं. पुणें-सोलापूरचा राजरस्ता येथून जातो, उत्तरेकडे उजनीच्या धरणाचें पाणी पसरलें आहे, माळावर औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे, आणि उरलेल्या जागेंत नजर जाईल तिकडे ऊस आहे. अशा गांवाचा आणि पारपत्राचा संबंध काय, असें आमच्या वडिलांच्या पिढीनें विचारलें असतें. त्या पिढीचा परदेश म्हणजे मुंबई, आणि तिकडे जावयास तिकिटाखेरीज दुसरा कागद लागत नसे. आतां मात्र आय.टी.आय.मधून वेल्डर, फिटर, वीजतंत्री होऊन बाहेर पडलेलीं आमच्या भागांतील मुलें वसाहतींतील कारखान्यांच्या दारांवर दोन वर्षें कंत्राटी काम करतात, आणि मग एके दिवशीं त्यांच्या घरीं आखातांतील नोकरीचा कागद येऊन पडतो. तो कागद इंग्रजींत असतो. गांवांत इंग्रजी शिकविणारा मनुष्य असला म्हणजे त्याला शेक्सपिअरपेक्षां करारनामेच अधिक वाचावे लागतात, हें आमचें गेल्या कित्येक वर्षांचें भाग्य आहे. त्यामुळें हा विषय आमच्याकडे ग्रंथांतून आलेला नाहीं. तो ओसरीवर येऊन, पाणी पिऊन, घडी घातलेला कागद पुढें करून आलेला आहे.

पारपत्र ही वस्तु आपण समजतों तितकी जुनी नाहीं. पहिल्या महायुद्धापूर्वीं जगांत बहुतेक ठिकाणीं माणसें तिच्यावांचून ये-जा करीत. युद्धानें संशय वाढविला आणि संशयानें हा कागद सक्तीचा केला. हिंदुस्थानांतहि तो त्याच काळांत आला. महाराष्ट्रास त्याचा पहिला मोठा प्रत्यय १९१८ सालीं आला, असें म्हणावयास हरकत नाहीं. त्या वर्षीं लोकमान्य टिळक होमरूलचें शिष्टमंडळ घेऊन विलायतेस निघाले आणि कोलंबोपर्यंत पोंचले असतां त्यांचीं पारपत्रें रद्द करण्यांत आलीं. ज्या पुरुषास मंडालेच्या तुरुंगानें नमविलें नाहीं, त्यास एका कागदाच्या अभावीं समुद्रकांठावरून परत फिरावें लागलें. त्याच वर्षीं पुढें चिरोल खटल्यासाठीं त्यांना विलायतेस जावयास मिळालें, ही गोष्ट निराळी. परंतु भिंत व पहारेकरी यांच्यावांचूनहि मनुष्यास अडकवितां येतें, हा धडा त्या प्रसंगानें दिला.

स्वातंत्र्यानंतर हा धडा न्यायालयांत पुन्हां वाचला गेला. परदेशीं जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं सतवंतसिंग सॉहनी यांच्या खटल्यांत दिला, आणि त्याच वर्षीं संसदेनें पारपत्राचा कायदा केला. पुढें १९७८ सालीं मनेका गांधी यांच्या खटल्यांत सरकारनेंहि पारपत्र अडकवावयाचें तर न्याय्य रीतीनेंच अडकविलें पाहिजे, असें ठरलें. या १९६७ च्या कायद्याचें सतरावें कलम आम्ही आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलास वाचून दाखवितों. त्याचा आशय असा कीं, पारपत्र हें सदासर्वकाळ केंद्र सरकारच्या मालकीचें आहे. म्हणजे ज्याच्या नांवाचें तें आहे त्याच्याजवळहि तें ठेव म्हणूनच असतें. मग तिसऱ्याच कोणास तें आपल्या कपाटांत ठेवण्याचा अधिकार कोठून येणार? शिवाय त्याच्या आरंभीं राष्ट्रपतींच्या नांवें जगांतील सर्व संबंधितांस विनंति केलेली असते कीं, या मनुष्यास विनाअडथळा जाऊं द्यावें आणि त्यास लागेल तें साह्य व संरक्षण द्यावें. ही विनंति ज्याच्या हातीं प्रथम पडते, तो संबंधित गृहस्थच पुस्तिका मिटून कपाटांत टाकतो, यापरता उपहास कोणता?

पण हें घडतें कसें, तें पाहण्यासारखें आहे. कारण येथें कोणी हिसकावून घेत नाहीं. आखाती देशांत नोकरीस जाणारा मजूर विमानतळावर उतरतो तेव्हां त्याच्याजवळ प्रवेशाचा परवाना असतो. राहण्याचा परवाना अद्याप मिळावयाचा असतो. त्यासाठीं वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे आणि कचेऱ्यांचे खेटे असतात. हे खेटे घालण्यासाठीं प्रत्येक कंपनीचा एक मनुष्य असतो. त्यास तिकडे 'मंदूब' म्हणतात. तो विमानतळावरून थेट निवासाच्या खोलीवर येतो, सर्वांचीं पारपत्रें गोळा करतो, त्यांस रबराचा पट्टा लावतो व पिशवींत घालून निघून जातो. परवान्याचा शिक्का उठविण्यास पारपत्र लागे, म्हणून तें देणें त्या दिवशीं अगदीं रास्त वाटतें. कांहीं आठवड्यांनीं मजुराच्या हातांत रहिवासाचें छोटें पत्र येतें. सौदी अरेबियांत त्यास 'इकामा' म्हणतात, इतरत्र दुसरीं नांवें आहेत. पारपत्र मात्र परत येत नाहीं. तें मागावयाचें असतें हें मजुरास ठाऊक नसतें, आणि ज्यास ठाऊक असतें त्यास तें कोणाकडे मागावें हें कळत नाहीं.

त्या छोट्या पत्राची गोष्ट तर आणखी सूक्ष्म आहे. तें मजुराच्या नांवाचें असलें तरी त्याचा प्राण मालकाच्या हातीं असतो. परवाना काढावयाचा मालकानें, त्याची मुदत वाढवावयाची मालकानें. त्यानें मुदत वाढविली नाहीं, तर रस्त्यावर पोलिसांनीं हटकल्यावर गुन्हेगार ठरतो तो मजूर. मजूर कामावरून निघून गेला, तर मालक तो पळाल्याची वर्दी देतो. सौदी अरेबियांत तिला 'हुरूब' असें नांव आहे. ही वर्दी एकदां नोंदली गेली, कीं काल सन्मानानें राबणारा मनुष्य आज बेकायदा ठरतो. जामिनदार मालकास तिकडे 'कफील' म्हणतात व या सर्व व्यवस्थेस 'कफाला'. शब्दाचा मूळ अर्थ हमी घेणें, सांभाळ करणें असा आहे. सांभाळ करणारा व अडकवून ठेवणारा हे एकाच शब्दांत किती सहज राहूं शकतात, हें भाषाभ्यासकांनीं पाहण्यासारखें आहे.

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. बारावीपर्यंत आमच्या हाताखालीं शिकलेला आणि पुढें वेल्डर झालेला एक मुलगा आखातांत चौदा महिने काम करीत होता. पगार वेळेवर येई. त्या पैशांतून घरावर स्लॅब पडला, बहिणीचें लग्न झालें. चैत्रांत एके पहांटे त्याची आई अकस्मात् वारली. त्याच सकाळीं त्याचा आम्हांस फोन आला. रडत नव्हता, अगदीं कोरड्या आवाजांत म्हणाला, "सर, कंपनीला इंग्रजीतून एक पत्र लिहून द्या. माझा पासपोर्ट ऑफिसात आहे." आम्हीं पत्र लिहिलें, वकिलातीसहि लिहिलें. उत्तरें सभ्य आलीं. कपाटाची किल्ली ज्या कारकुनाजवळ होती तो कारकून स्वतःच सुटीवर आपल्या देशीं गेला होता. तो येईतों आठ दिवस गेले. कपाट उघडल्यावर असें दिसून आलें कीं, मुलाच्या रहिवासाच्या परवान्याची मुदत संपून गेली असून ती कोणींहि वाढविलेली नाहीं; तेव्हां दंड भरल्यावांचून निघतां येईना. अग्नि धाकट्या भावानें दिला. दहावा झाला, तेरावा झाला. मुलगा सोळाव्या दिवशीं गांवांत आला.

तो आम्हांस भेटावयास आला तेव्हां पारपत्र त्याच्या हातांत होतें. बसल्यापासून उठेपर्यंत त्यानें तें खालीं ठेवलें नाहीं. चहाची कपबशीहि डाव्या हातानेंच घेतली. आम्ही मालकाविषयीं कांहीं कठोर बोललों. त्यावर तो म्हणाला, "नाही सर, मालक वाईट नाही. त्यानं तिकिटाचे पैसे दिले." हें वाक्य आमच्या मनांतून अद्याप जात नाहीं. कारण तें खरें होतें. मालक दुष्ट असता तर या गोष्टीचा विचार सोपा झाला असता. दुष्ट माणसाची निंदा केली म्हणजे निबंध संपतो. येथें दुष्टपणा नव्हता. येथें केवळ एक कपाट होतें आणि एक किल्ली होती, आणि एवढ्यानेंच मातेच्या चितेपासून मुलाला सोळा दिवस दूर ठेवतां आलें.

पारपत्रें ठेवून घेणारांची बाजू अगदींच पोकळ आहे असें मात्र नव्हे. ते म्हणतात, एका खोलींत दहा-बारा माणसें राहतात. तेथें कागद हरवतो, भिजतो, चोरीस जातो. आम्ही तो सुरक्षित ठेवतों. या म्हणण्यांत तथ्य आहे. पण मग प्रत्येकास कुलपाची एक लहानशी पेटी द्यावी आणि तिची किल्ली त्याच्या हातीं ठेवावी, म्हणजे सुरक्षितता साधेल. ते पुढें म्हणतात, मजूर आणण्यास आम्हांस खर्च येतो. तो दोन महिन्यांत दुसरीकडे गेला तर तो खर्च कोणीं सोसावा? हा प्रश्न कराराचा आहे. पैसे बुडाले तर पैशाची फिर्याद करावी; पैशासाठीं माणसाचें जाणें-येणें तारण ठेवण्याची रीत सुधारलेल्या जगानें केव्हांच टाकली आहे. शेवटचा मुद्दा असा कीं, मजूर आपण होऊन पारपत्र देतात. कतारच्या २०१५ च्या कायद्यानें पारपत्र अडकविणाऱ्यास पंचवीस हजार रियालपर्यंत दंड सांगितला, परंतु मजुरानें लेखी विनंति केली असेल तर मालकानें तें ठेवावें, अशी फटहि राखली. आतां, ज्याच्या हातीं आपली भाकरी आहे त्यानें पुढें केलेल्या छापील कागदावर परमुलुखांत पहिल्या आठवड्यांत सही करणें, यास विनंति म्हणावयाचें असेल, तर शब्दकोश नव्यानें लिहावा लागेल.

हें सर्व दूरच्या वाळवंटांत चालतें आणि आपण मात्र मोकळ्या वाऱ्यांत राहतों, अशी कोणाची समजूत असेल तर ती टिकण्यासारखी नाहीं. आमची नोकरीची सुरुवात झाली तेव्हां एका संस्थेनें आमचीं पदवीचीं मूळ प्रमाणपत्रें 'तपासणीसाठीं' म्हणून घेतलीं आणि तीन वर्षें परत दिलीं नाहींत. मधल्या काळांत दुसरीकडे चांगली जागा निघाली, मुलाखतीस मूळ कागद हवे होते, जागा गेली. संस्थेनें आम्हांस कधींहि अपशब्द वापरला नाहीं, दर दिवाळीस मिठाईहि दिली. पुढें विद्यार्थ्यांच्या बाबतींत हीच रीत इतकी बोकाळली कीं, महाविद्यालयांनीं प्रवेशाच्या वेळीं मूळ प्रमाणपत्रें ठेवून घेऊं नयेत, असें विद्यापीठ अनुदान आयोगास २०१८ सालीं बजावावें लागलें. त्या तीन वर्षांत आम्ही रोज वर्गांत उभे राहून मिलचें स्वातंत्र्यावरील पुस्तक शिकवीत होतों, आणि तास संपल्यावर कचेरीवरून जातांना त्या लोखंडी कपाटाकडे नजर जाई. मिल जें सांगूं पाहतो तें त्या कपाटानें आम्हांस अधिक नीट समजाविलें.

आणि आमच्या शिवारांतील उसाचें काय? कार्तिक लागला कीं बीडकडून, अहिल्यानगरच्या पूर्व भागाकडून ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या या राजरस्त्यानें येऊं लागतात. बिजवडी, भवानीनगर, शेटफळगढे, माळेगांव येथील कारखान्यांचीं धुराडीं त्यांच्या कोयत्यावर पेटतात. नवरा-बायकोच्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. हत्याराचें नांव माणसाला दिलें म्हणजे पुष्कळ गोष्टी आपोआप ठरून जातात. या जोडीनें हंगामापूर्वीं मुकादमाकडून उचल घेतलेली असते. उचल फिटेपर्यंत टोळी सोडतां येत नाहीं. आजारपणाने एक दिवस काम चुकलें तर त्याचा खाडा मांडला जातो. हंगामाअखेर फिटली नाहीं तर बाकी पुढल्या सालावर चढते. येथें पारपत्र नाहीं, शिक्का नाहीं, कफील हा शब्दहि कोणीं ऐकलेला नाहीं. तथापि वहींतला तो आकडा तेंच काम करतो जें तिकडे कपाट करतें. वेठबिगारीचा कायदा १९७६ सालींच झाला आहे, आणि उपासमारीची सक्ति ही देखील सक्तीच होय, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणांत सांगून ठेवलें आहे. म्हणून आखातांतील मालकाकडे बोट दाखवितांना आपल्या हाताचीं उरलेलीं बोटें कोणाकडे वळलेलीं आहेत, हेंहि पाहिलेलें बरें.

या प्रकारास आपल्याकडे जुना इतिहास आहे. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर मिळेनात, तेव्हां १८३४ पासून हिंदी माणसें मुदतबंदीच्या करारानें मॉरिशसला नेण्यांत येऊं लागलीं. एकंदर सुमारें साडेचार लाख माणसें त्या बेटावर गेलीं. त्यांत कोंकणांतील व देशावरील मराठी माणसेंहि होतीं. त्यांचे वंशज आज तेथें गणेशचतुर्थी थाटानें करतात. ॲग्रीमेंट या शब्दाचा गिरमिट झाला. मराठींत गिरमिट म्हणजे सुताराचें भोंक पाडण्याचें हत्यार. हळूहळू, गोल फिरत, लाकडाच्या आंत शिरणारें. ज्या कोणाच्या तोंडीं हा शब्द प्रथम बसला, त्यानें हा योगायोग हेरला असेल असें नाहीं. पण हत्यार व करार यांची चाल सारखीच होती. मॉरिशसमध्यें १८६७ च्या कायद्यानें तर करार संपलेल्या मजुरासहि आपल्या छायाचित्रासह परवाना सदैव जवळ बाळगण्याची सक्ति केली. तो नसला कीं भटक्या म्हणून अटक. तिकडे कागद जवळ नसल्याचा गुन्हा, आणि इकडे कागद जवळ ठेवूं न देण्याची रीत. दोहोंचा हेतु एकच, माणसानें बांधल्या जागीं राहावें.

या गिरमिटाविरुद्ध कायदेमंडळांत उभे राहिले ते आमच्याच व्यवसायांतले एक गृहस्थ होते, याचा आम्हांस अभिमान वाटतो. फर्ग्युसन महाविद्यालयांत वीस वर्षांच्या आसपास अध्यापन केलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९१० सालीं नाताळला गिरमिटिये पाठविणें बंद करण्याचा ठराव मांडला व तो मान्य झाला. पुढील वर्षीं तिकडची भरती थांबली. १९१२ च्या मार्चमध्यें त्यांनीं ही पद्धतिच सर्वत्र बंद करावी असा ठराव आणला. तो सरकारी बहुमतानें पडला. परंतु पांच वर्षांत, १९१७ सालीं, भरती थांबवावी लागली आणि १९२० मध्यें उरलेल्या मजुरांचे करारहि रद्द झाले. गोखल्यांची पद्धत अशी कीं, आधीं आकडे जमवावयाचे, मग करार वाचावयाचा, मग त्या करारांतील 'संमति' किती खरी आहे हें विचारावयाचें. अक्षरशत्रु माणसानें, ज्या भाषेचा गंध नाहीं त्या भाषेंतील कागदावर, ज्या देशाचें नांव ऐकलें नाहीं त्या देशासाठीं केलेला अंगठा ही संमति कशी, हा प्रश्न त्यांच्या काळीं होता. आज मुलें साक्षर आहेत, कागद वाचतात, तरी तो प्रश्न पुरता जुना झालेला नाहीं.

कायद्यानें कांहींच केलें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. पारपत्र अडकविणें आज कतार, कुवेत, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती या सर्वच देशांत कायद्यानें वर्ज्य आहे. बहुतेक मजुरांना देश सोडण्यासाठीं मालकाची परवानगी लागे ती कतारनें २०१८ सालीं काढून टाकली. नोकरी बदलण्यासाठीं लागणारें संमतिपत्र २०२० सालीं काढलें. सौदी अरेबियानेंहि २०२१ च्या मार्चपासून नियम सैल केले; मात्र घरकाम करणारीं माणसें व खाजगी वाहनचालक त्यांतून वगळले, म्हणजे ज्यांना सर्वांत गरज होती तेच बाहेर राहिले. कुवेतनें २०१९ पासून आणि अमिरातींनीं २०२२ पासून पारपत्रावर रहिवासाचा शिक्का मारणेंच सोडून दिलें; ओळखपत्रावर काम भागूं लागलें. म्हणजे ज्या शिक्क्यासाठीं पारपत्र मालकाकडे जाई तो शिक्काच तेथें उरला नाहीं. तरी कपाटाची संवय सुटत नाहीं. आणि ही वाट सदैव पुढेंच जाते असेंहि नाहीं. कुवेतनें १ जुलै २०२५ पासून खाजगी नोकरींतील परदेशी कामगारांस देश सोडण्यापूर्वीं मालकाची परवानगी आवश्यक केली.

कायदा असून संवय कां टिकते? आमच्या मतें याचें कारण एकच. कायदा म्हणतो, मजुरानें तक्रार करावी. पण तक्रार ज्याच्याविरुद्ध करावयाची त्याच्याच सहीवर मजुराचा रहिवास उभा आहे. फांदीवर बसलेल्याच्या हातीं कुऱ्हाड देऊन, तूं मोकळा आहेस, हवी ती फांदी तोड, असें सांगण्यासारखें हें आहे. पारपत्र परत देवविणें हा उपाय अर्धा आहे; रहिवासाचा परवाना एका मालकापासून सुटा करणें हा दुसरा अर्धा. पहिल्यावांचून मनुष्य घरीं येऊं शकत नाहीं. दुसऱ्यावांचून तो तेथें ताठ मानेनें राहूं शकत नाहीं.

गेल्या महिन्यांत शेजारच्या वस्तीवरील एक गृहस्थ, ज्यांना सारे आबा म्हणतात, आपल्या मुलाचा करार घेऊन आले. दोन म्हशी विकावयास काढल्या होत्या. कागद आमच्यापुढें ठेवून म्हणाले, "सर, पाठवू का नको, तेवढं सांगा." असा प्रश्न पंचावन्नाव्या वर्षीं मनुष्यास जड जातो. जाऊं नको म्हणणें सोपें होतें. परंतु उजनीच्या पाण्यानें कोणाची जमीन घेतली, उरलेली तीन भावांत वांटली गेली, आणि वसाहतींतील कंत्राट अकरा महिन्यांनीं संपतें, हें माहीत असलेल्या माणसानें तें कोणत्या तोंडानें म्हणावें? आम्हीं त्यांस सांगितलें कीं, पाठवा. पण डोळे उघडे ठेवून पाठवा. सरकारी नोंदणी असलेल्या दलालाकडूनच पाठवा. त्याची दलाली सरकारनें तीस हजार रुपये व त्यावरील कर एवढीच ठरविली आहे, त्यापुढें एक म्हैस तरी वांचेल. मुलगा दहावी उत्तीर्ण नसेल तर त्याच्या पारपत्रास उत्प्रवास-संरक्षकाची मंजुरी लागते. ही मंजुरी म्हणजे अडथळा समजूं नका, तो आधार आहे. हिंडण्याफिरण्याच्या परवान्यावर नोकरीस पाठवूं म्हणणाऱ्यास दारांतूनच परत लावा. विमा काढा, थोडक्या शेकड्यांत दहा लाखांचा मिळतो. पारपत्राच्या व कराराच्या प्रती घरीं ठेवा, आणि पारपत्राचा क्रमांक मुलाला देवाच्या नांवासारखा पाठ करवा. तिकडे पारपत्र मागितलें तर पोंच मागावी व परवाना हातीं पडतांच तें परत मागावें. मालकाकडे ठेवण्याची लेखी विनंति कोणीं पुढें केली तर सही करण्यापूर्वीं आम्हांस फोन करावा. पारपत्र अडकलेंच, तर भारतीय वकिलात एकवार घरीं येण्यापुरता तात्पुरता दाखला देऊं शकते, हेंहि त्याला ठाऊक असूं द्या.

आबांनीं हें सारें शांतपणें ऐकून घेतलें. मग विचारलें, "एवढं सगळं पोरानं ध्यानात ठेवायचं, मग मालकानं काय ध्यानात ठेवायचं?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर होतें, पण तें आबांस देण्याजोगें नव्हतें, तें राज्यकर्त्यांना, वकिलातींना, कारखानदारांना आणि उचलीच्या वह्या सांभाळणाऱ्या मुकादमांना देण्याजोगें आहे. मालकानें एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, त्यानें मनुष्याचें काम विकत घेतलें आहे. त्याची घरची वाट विकत घेतलेली नाहीं. ती विकाऊ नव्हती. कागद ज्याचा त्याच्या हातीं ठेवून जो मालक माणसें टिकवून दाखवील, त्यालाच आपण चांगला मालक म्हणवून घेण्याचा अधिकार आहे. कारण दार उघडें असूनहि जेथें माणसें राहतात, तेथेंच तीं राहिलीं असें म्हणतां येतें.